नांगराचं अक्षर

आमच्या मास्तरांनी ज्या किनाऱ्यावर उभं आयुष्य काढलं, तो किनारा त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. देहाने ते आमच्या गावात राहत, चौलच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी, एका वाडीवाल्याच्या पडवीत. मनाने त्यांचा मुक्काम आयोनियात असे. आयोनिया म्हणजे आता तुर्कस्तानात मोडणारा, ग्रीकांचा प्राचीन किनारा. तिथल्या ग्रीकांना आपले पूर्वज यवन म्हणत. हे मी तुम्हांला पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो आहे, कारण मास्तरांनीही ते वेळेवर सांगितलं असतं तर हा लेख लिहायची पाळी माझ्यावर आली नसती.

मास्तर गावातल्या इंग्रजी शाळेत इतिहास शिकवत; मी त्याच शाळेत चित्रकला शिकवत असे आणि गणपतीच्या उत्सवात नाटकातून बायकांची कामं करत असे. नऊवारी नेसल्यावर मी बरा दिसे. एकदा पाहुणा म्हणून आलेल्या एका जमादाराने रंगपटात माझ्यासाठी गजरा पाठवला होता. तो मी माळला आणि दुसऱ्या दिवशी मिशीला पीळ देत त्याला नमस्कार करायला गेलो. तेव्हा सोंग कशाशी खातात हे मला ठाऊक आहे. मास्तरांचं मात्र सोंग नव्हतं. माणूस खरोखरच तिकडे राहत होता.

वर्गातल्या बाकांना त्यांनी आयोनियातल्या नगरांची नावं दिली होती. हजेरीत मुलांची नावं नसतच. "मिलेटस!" म्हणून पुकारा झाला की पहिल्या बाकावरचे दोघे "हजर" म्हणत. "एफिसस, खिडकीबाहेर काय बघतोस?" "स्मर्ना, शेंबूड पूस." अगदीच मठ्ठ मुलांना त्यांनी मागे भिंतीशी बसवलं होतं. तो स्पार्टा. तो आयोनियात येत नाही, पण मास्तर म्हणत, "त्यांना तरी कुठे कळतंय!"

ओहोटीला ते वर्ग घेऊन पुळणीवर जात आणि छत्रीच्या टोकाने ओल्या वाळूत तो सगळा किनारा काढत. भरती चढायच्या आत इतिहास आटपायचा, असा नियम. मिलेटसची बंदरं, तिथून सुटणारी जहाजं, बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले रस्ते, आणि तिथला तो शहाणा, जो तारे बघत चालता चालता खड्ड्यात पडला आणि म्हातारी मोलकरीण ज्याला हसली. मग नदी येई. वेडीवाकडी, नागमोडी. ती नदी गाळ आणून आणून बंदरात टाकते आणि एक दिवस समुद्रच गावापासून निघून जातो. "राज्यं तलवारीने जात नाहीत, मुलांनो. गाळाने जातात. आपलं चौल बघा. मिलेटसचा हा धाकटा भाऊ."

एकदा एक कोळी जाळं खांद्यावर टाकून तिथे उभा राहिला.

"मास्तर, तुमच्या गावावर जालं सुकत घालू का?"

"कुठल्या गावावर?"

"ह्या मधल्या."

"एफिससवर घाल," मास्तर म्हणाले. "तिथे नाहीतरी दलदलच झाली आहे. एके काळी जगातलं सगळ्यात मोठं देवीचं देऊळ होतं तिथे."

कोळ्याने देवीचं नाव ऐकलं, जाळं खांद्यावर सावरलं आणि चार हात पलीकडे जाऊन पसरलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयोनियाला आमच्या गावाकडून मिळालेला तेवढाच मान.

त्यांची एक खोड होती, आणि तीच त्यांना भोवली. ते सगळ्यात धक्कादायक वाक्य आधी टाकत, डोळे मिटत, आणि थांबत. चांगले थांबत. खुलासा मागाहून. "वाक्य किनाऱ्यावर आपटलं की त्याला परत फिरायला वेळ द्यावा लागतो," असं ते म्हणत. मी त्यांना नाटकवाल्याच्या अधिकाराने सांगे, "मास्तर, अर्ध्या वाक्यावर थांबलं की टाळी पडत नाही, माणसं उठतात." ते हसत. वर्गात कोण उठणार? घंटा होईपर्यंत मुलं बांधलेलीच.

गावात आयोनिया पाहिलेला माणूस एकच होता, हुसेन सारंग. जन्मभर आगबोटीवर राबून तो आपल्या मोहल्ल्यात येऊन राहिला होता. स्मर्नेला त्याची बोट लागली होती हे कळल्यावर मास्तर छत्री विसरून धावत त्याच्या ओट्यावर गेले.

"सारंग, सांगा! काय काय पाहिलंत?"

सारंगाने बराच वेळ दाढी खाजवली. "इझमीर ना? गोदी हाय. पोलीस लय हरामी. न् अंजीर, मास्तर... अंजीर झकास."

"आणि जुने खांब? भग्न देवळं?"

"खांब असतील. आमी कोळसा उतरवीत व्हतो."

एवढ्यावर त्यांची दोस्ती जमली. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर सारंग येई आणि मास्तर त्याला त्यानेच पाहिलेलं शहर वर्णन करून सांगत. तो ऐके, मान हलवी, आणि शेवटी म्हणे, "असंल. अंजीर मात्र खरं."

मग स्मर्ना जळालं. तुर्क जिंकले, ग्रीकांना त्या किनाऱ्यावरून कायमचं उठावं लागलं, अशी बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रातून गावात आली. मास्तर शाळेच्या पायरीवर बसून रडत होते. आमच्या मुख्याध्यापकांनी घाबरून विचारलं, "घरचं कोणी गेलं का?"

"यवन हरले," मास्तर म्हणाले, आणि डोळे मिटून थांबले.

मुख्याध्यापक आनंदले. खिलाफतीचे दिवस होते, तुर्कांचा विजय म्हणून मोहल्ल्यात पेढे वाटत होते, आणि सारंग नेमका त्याच वेळी पुडा घेऊन शाळेत शिरत होता. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, यवन हरले म्हणून यवनच पेढे वाटताहेत! हा काय प्रकार?" मी तेव्हा पोट धरून हसलो. गावात यवन म्हणजे मुसलमान, दुसरा अर्थच नाही. आमच्या ऐतिहासिक नाटकांत तो शब्द आला की पिटातले लोक मांड्या थोपटत. तेव्हा कळायला हवं होतं, पण गंमत चालली असताना कोणाला काय कळतं?

सारंगाने मास्तरांचा चेहरा पाहिला, पेढ्याचा पुडा कोटाच्या खिशात घातला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिला. त्या दिवसापासून वर्गातला स्मर्नेचा बाक रिकामा ठेवला गेला. तिथल्या मुलांना मास्तरांनी इतर नगरांत वाटून दिलं.

आता टाक्याबद्दल. गावामागच्या टेकडीत कातळात खोदलेलं एक टाकं होतं. उन्हाळ्यात गावातल्या विहिरी मचूळ होत, तेव्हा गोडं पाणी तेवढं तिथे. वरच्या पायऱ्यांनी हिंदू बायका भरत, खालच्या फटीतून मोहल्ल्यातल्या. महारवाड्याला ते पाणी कधी मिळालंच नव्हतं, त्यामुळे पुढच्या भांडणात गमवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. टाकं कोणी खोदलं, असं विचारलं तर लोक म्हणत पांडवांनी. पांडव कोणाचे शेजारी नव्हते, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

मास्तरांनी एका मे महिन्यात त्या टाक्याच्या कपाळावरचं शेवाळ नारळाच्या शेंडीने घासून काढलं. खाली एक ओळ निघाली, जुन्या लिपीतली. ती लिपी त्यांना वाचता येई. त्यांनी मला ओढत टेकडीवर नेलं.

"हे पहिलं अक्षर बघ. कशासारखं दिसतं?"

"नांगरासारखं," मी म्हणालो. शेतावरचा नव्हे, होडीचा. उभा दांडा आणि खाली दोन्हीकडे वळलेले हात.

"तो 'य' आहे." मास्तरांचा आवाज चिरकला. "यवन. यवनाने दिलेलं पाणी. अरे, आयोनियाचा माणूस! मिलेटसचा असेल. एफिससचा असेल. वाऱ्यावर स्वार होऊन चौलला आला, इथल्या उन्हाने होरपळला, आणि परत जाताना तहानलेल्यांसाठी पाणी ठेवून गेला. आणि नावाची सुरुवात कशाने होते बघ! नांगराने!"

ते कातळाला गाल लावून उभे राहिले. जन्मभर ज्या किनाऱ्याकडे जायचं तिकीट त्यांना परवडलं नव्हतं, तो किनाराच त्यांना भेटायला आला होता. एवढा सुखी माणूस मी त्याआधी पाहिला नाही आणि नंतरही नाही.

गणपतीत त्यांचं व्याख्यान ठेवलं. मंडप भरलेला. अध्यक्ष आमचे भाऊ वकील, शाळेच्या मंडळाचेही तेच प्रमुख आणि देवस्थानच्या पंचांतही तेच. मास्तर उभे राहिले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले,

"आपण सारे ज्या टाक्याचं पाणी पितो, ज्या पाण्याने देवाला अभिषेक होतो, ते टाकं यवनाचं आहे!"

आणि डोळे मिटून थांबले.

मी विंगेत साडी नेसून उभा होतो, व्याख्यानानंतर आमचा प्रवेश होता. तिथून मला सगळा मंडप दिसत होता. आधी बायकांकडची बाजू उठली. मग पुढची गादी. कोणीतरी समई सरळ करायला गेलं आणि ती कलंडली. मास्तरांनी डोळे उघडले आणि आनंदाने दुसरं वाक्य म्हटलं, "यवन म्हणजे आयोनियाचे ग्रीक, मुसलमान धर्म जन्माला येण्यापूर्वीचे!" ते वाक्य ऐकायला मी, पेटीवाला आणि प्रत्यक्ष गणपती, एवढेच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी टाक्यावर गोमूत्र शिंपडलं गेलं. ते पाहून मोहल्ल्यातली तरुण पोरं बिथरली. त्यांचंही चुकलं नाही. टाकं आपलं असेल तर आपल्या बायकांनी खालच्या फटीतून का भरायचं? ती वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. लाठ्या निघाल्या. दोघांची डोकी फुटली, एक इकडचं, एक तिकडचं. शेवटी मामलेदारांनी पायऱ्यांवर काटेरी कुंपण घालून पोलीस बसवला, आणि पुढचा उन्हाळा आख्ख्या गावाने मचूळ पाणी पिऊन काढला. मुलांना जुलाब लागले. डाळ शिजेना.

मास्तर घरोघर नकाशा घेऊन फिरत होते. मी सोबत असे. भाऊ वकिलांच्या ओटीवरचा संवाद मला तोंडपाठ आहे.

"भाऊसाहेब, हे यवन म्हणजे ग्रीक."

"ग्रीक म्हणजे ख्रिस्तीच ना? मग ते अधिकच कठीण."

"छे हो, ख्रिस्ताच्या आधीचे!"

"मग मुसलमान कसे झाले?"

"नव्हतेच मुसलमान!"

"मग यवन कशाला म्हणता त्यांना?"

"कारण ते यवन होते!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत? सरळ उत्तर नाही माणसाकडे." मग सुपारी कातरत ते म्हणाले, "मास्तर, उद्या मामलेदार शाळेत चौकशीला बसणार आहेत. तुम्ही वाचायला चुकलात, एवढं सांगा. यवन नव्हे, पावन. पावन पाणी. एका अक्षराचा तर प्रश्न आहे. कुंपण निघेल. दोन्हीकडच्या बायका तुम्हांला दुवा देतील."

"ते अक्षर नांगराचं आहे," मास्तर म्हणाले.

"तो नांगर शाळेच्या नोकरीतच अडकलाय, हे ध्यानात ठेवा."

नोकरीच्या धमकीला मास्तर भीक घालणारे नव्हते. पण ओटीवरून उतरलो तर दारात सारंग उभा. त्याच्या नातीला हगवण लागली होती, पोर कोमेजून गेली होती. तो नेहमीसारखा हसला नाही.

"मास्तर, तुमचा तो माणूस मेला त्याला लय वर्सं झाली. त्याला काय फरक पडतोय? म्हना की पावन. आमालाबी चालंल. पानी सोडवा."

सगळ्यांनाच चाललं असतं. खोटं बोला म्हणून दोन्ही बाजू हात जोडून उभ्या होत्या, आणि खऱ्याच्या बाजूला एकटे मास्तर आणि तो कातळ. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर मामलेदारांनी विचारलं, "शब्द काय आहे? एका शब्दात सांगा." मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. थांबलेही नाहीत.

"पावन," ते पटकन म्हणाले.

टाळ्या पडल्या. त्यांच्या आयुष्यातल्या पहिल्याच. संध्याकाळी कुंपण निघालं, पाणी भरून बायका उतरल्या, सारंगाची नात आठवड्याभरात अंगणात खेळायला लागली. मास्तर दुसऱ्या दिवशी वर्गात आले, हजेरी उघडली आणि म्हणाले, "म्हात्रे." कोणी उठलंच नाही. पहिल्या बाकावरच्या पोराला आपलं नाव म्हात्रे आहे हे त्या खोलीत कधी लागलंच नव्हतं. ते पोर बावरून म्हणालं, "सर, मिलेटस हजर आहे." मास्तर म्हणाले, "मिलेटस गाळात गेलं. खाली बस, म्हात्रे."

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट हसत सांगितली असती. हसवण्याचा माझा धंदाच आहे. पण पावन हा शब्द किती भयंकर आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. यवन परवडला.

भाऊ वकील आणि पंच यांनी विचार केला की पावन पाणी म्हणजे तीर्थ. तीर्थ म्हटलं की त्याची पूजा आली, उत्सव आला, सोवळं आलं. दिवाळीनंतर टाक्यावर संगमरवरी पाटी बसली, 'श्री पावन तीर्थ', आणि ती बरोबर त्या ओळीवर, चुन्याने पक्की. खालची फट दगडाने बुजवली. मोहल्ल्यातल्या बायका घागरी घेऊन गेल्या तर पुजाऱ्याने हात जोडून, अगदी नम्रपणे सांगितलं, "बाई, आता हे तीर्थ झालंय. तुमच्याच मास्तरांनी वाचलंय, सरकारात नोंद आहे."

सारंग मास्तरांच्या पडवीत आला. मी तिथेच होतो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, यवन म्हनालात तवा पानी उन्हाळाभर बंद झालं. पावन म्हनालात, आता कायमचं."

मास्तर उठले ते थेट मामलेदार कचेरीत. "मी खोटं बोललो, तो शब्द यवनच आहे, पाटी काढून बघा," म्हणाले. कचेरीने शाळेच्या मंडळाचं मत मागवलं. मंडळाने मत दिलं ते भाऊंच्या वळणदार मोडीत: ज्या गृहस्थाने सरकारी चौकशीत खोटं सांगितल्याचं स्वतःच कबूल केलं, त्याच्या हाती मुलांचं शिक्षण ठेवणं योग्य नाही. खोटं बोलायला लावणाऱ्यानेच त्यांना खोटं बोलल्याबद्दल काढलं. नाटकात असा प्रवेश लिहिला तर लोक म्हणतील, भडक झालं, जरा कमी करा.

पुढे काही दिवस मास्तर टाक्याचं पाणी पीत नव्हते. सारंगाच्या परसातल्या विहिरीचं मचूळ पाणी आणून पीत. गाव म्हणालं, बघा, बाटला. पुळणीवर ते ओहोटीला एकटेच जात, पण वाळूत काही काढत नसत. छत्री उलटी धरून चालत.

मुंबईतल्या एका भाच्याने त्यांना बोलावून घेतलं. रेवसच्या धक्क्यावर पोचवायला दोघेच आलो होतो, मी आणि हुसेन सारंग. सामान म्हणजे एक वळकटी आणि पुस्तकांची पेटी. बोटीला अवकाश होता. सारंगाने कागदात बांधलेले सुके अंजीर त्यांच्या हातात ठेवले, मुंबईहून मागवलेले. मग चाचरत म्हणाला,

"मास्तर, आज खरं सांगा. त्या दिशी मंडपात मी न्हवतो. मला कुनी नीट सांगितलंच न्हाय. टाकं बांधलं कुनी?"

मास्तरांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी! त्यांनी उपरणं सारखं केलं.

"यवनाने," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

आणि सारंग थांबला. उठला नाही, वळला नाही, भांडला नाही. मास्तरांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या दुसऱ्या वाक्याची वाट बघत थांबलेलं गाव मी तेवढंच पाहिलं, एका माणसाचं. मास्तरांनी डोळे उघडले, समोर सारंग तसाच उभा दिसला, आणि दुसरं वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात भोंगा झाला, कोणीतरी त्यांच्या दंडाला धरून त्यांना फळीवरून आत घेतलं.

बोट सुटली. सारंगाने तोंडाशी हात धरून हाक दिली, "पुढं? मास्तर, पुढं काय?"

इंजिनाच्या धडधडीत त्यांचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी अंजिरांचा पुडा बगलेत धरला आणि छत्रीच्या टोकाने हवेत मोठं अक्षर काढलं. उभा दांडा, खाली दोन्हीकडे वळलेले हात. पुन्हा काढलं. पुन्हा.

जन्मभर समुद्रावर काढलेल्या सारंगाने डोळ्यांवर हात धरून ते नीट पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली.

"नांगर उचलला, म्हनतोय," तो मला म्हणाला. "बरं झालं. गेलेलंच बरं."